औषधांच्या जाहिरातींचे बदलते स्वरूप : एका शतकाचा ऐतिहासिक आढावा (लासलगावसारख्या बाजारपेठेच्या संदर्भात)

प्रस्तावना

लासलगावच्या कांदा लिलावात माल सर्वांसमोर उघडा असतो. व्यापारी कांदा हातात घेतो, त्याचा आकार, रंग, पत्ती पाहतो आणि त्यानंतरच बोली लावतो. मुंबई प्रांताच्या १९३९ च्या शेती उत्पन्न बाजार कायद्यानंतर नियंत्रित बाजारांची व्यवस्था विस्तारत गेली आणि लासलगावची बाजार समिती १९४७ मध्ये अस्तित्वात आली. उघड लिलाव, खरे वजन आणि वेळेवर चुकवती ही या व्यवस्थेची उद्दिष्टे होत. एका पक्षाचा शब्द पुरेसा नाही, व्यवहार सर्वांदेखत झाला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे.

याच बाजारातून कांद्याचे पैसे घेऊन निघालेला शेतकरी औषधाची बाटली विकत घेतो, तेव्हा परिस्थिती नेमकी उलट असते. बाटलीत काय आहे हे त्याला पारखता येत नाही. गुण आला तर तो औषधाने आला की आजार आपोआप ओसरला, हेही त्याला सांगता येत नाही. अशा व्यवहारात ग्राहकाला कोणाच्या तरी शब्दावर विसंबावे लागते. औषधाची जाहिरात हा शब्द पुरविते. जाहिरातीतील दाव्यामागे उभ्या असलेल्या या व्यक्तीला किंवा संस्थेला प्रस्तुत लेखात ‘जामीनदार’ असे म्हटले आहे.

गेल्या सुमारे शंभर वर्षांत महाराष्ट्रातील औषधांच्या जाहिरातींत हा जामीनदार कसकसा बदलत गेला आणि त्या बदलात कायद्याची भूमिका काय राहिली, याचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे. जुन्या जाहिराती खोट्या व आजच्या जाहिराती शास्त्रीय, असे सरळ चित्र उपलब्ध वस्तुस्थितीतून उभे राहत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

वैद्याचे नाव, टपाल आणि छापील पान

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तयार औषधांचा व्यापार महाराष्ट्रात स्थिरावला होता. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेल येथे १८७२ मध्ये सुरू केलेला धूतपापेश्वर कारखाना, काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत सुरू केलेले अमृतांजन आणि जुगतराम वैद्य यांनी १९१० मध्ये मुंबईत स्थापन केलेला झंडू फार्मास्युटिकल वर्क्स ही त्यांतील प्रमुख नावे होत. गिरगावच्या के. टी. डोंगरे आणि कंपनीचे बालामृतही याच परंपरेतील होय. वैद्याने रोग्याची नाडी पाहून त्याच्यापुरते औषध तयार करून द्यावे, ही जुनी रीत होती. कारखान्यात तयार झालेली बाटली मात्र रोग्याला न पाहताच तयार होई. वैद्य आणि रोगी यांच्यामधील ही रिकामी जागा जाहिरातीने भरून काढली.

या व्यापाराला दोन यंत्रणांचा आधार मिळाला. पहिली रेल्वे. १८६० च्या दशकात या भागातून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग गेला आणि नाशिक व मनमाड यांच्या दरम्यानचे लासलगाव मुंबईशी जोडले गेले. दुसरी टपाल खाते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या व्हॅल्यू पेएबल पद्धतीमुळे, म्हणजेच व्ही. पी. मुळे, ग्राहकाने आगाऊ पैसे पाठविण्याची गरज उरली नाही. गावात औषधाचे दुकान नसले तरी वृत्तपत्रातील पत्त्यावर कार्ड टाकून मुंबईचे औषध मागविता येऊ लागले. मात्र पैसे दिल्यानंतरच पार्सल हाती येई. माल पाहून दाम ठरविण्याची बाजारातील रीत येथे लागू नव्हती.

या काळातील जामीनदार म्हणजे वैद्याचे नाव. राजवैद्य, वैद्यराज, वैद्यशास्त्री अशा पदव्या, संस्थानिकांची प्रशस्तिपत्रे, प्रदर्शनांत मिळालेली पदके, बरे झालेल्या रोग्यांची पत्रे आणि नकली मालापासून सावध राहण्याची सूचना हे त्या जाहिरातींचे नेहमीचे घटक होते. या नावाला प्रतिष्ठा मिळवून देण्याची चळवळही याच सुमारास उभी राहिली आणि तिचा संबंध नाशिकशी आहे. ‘आर्यभिषक्’ या ग्रंथाचे कर्ते शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय पातळीवरील आयुर्वेद महासंमेलनाचा आरंभ १९०७ मध्ये नाशिक येथे झाला. वैद्यांची संघटना, शिक्षण आणि मान्यता हे त्या चळवळीचे विषय होते. मुंबई प्रांतात वैद्यांच्या नोंदणीचा कायदा होण्यास १९३८ साल उजाडले. तोपर्यंत ‘वैद्यराज’ ही पदवी कोणी लावावी यावर कायद्याचे बंधन नव्हते. जाहिरातीतील जामीनदार खरा की स्वयंघोषित, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नव्हता.

वृत्तपत्रे आणि औषधविक्रेते यांचे हितसंबंधही आरंभापासून गुंतलेले होते. अमृतांजनचे नागेश्वरराव यांनी १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हे साप्ताहिक सुरू केले. मलमाच्या व्यापारातून वृत्तपत्राला भांडवल मिळाल्याचे हे ठळक उदाहरण आहे. त्याउलट, जाहिरातीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या नियतकालिकाला त्याच जाहिरातींची परखड चिकित्सा करणे अवघड जाई, ही त्या व्यवस्थेची दुसरी बाजू होती. ब्रिटनमध्ये हे काम डॉक्टरांच्या संघटनेने केले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये गुप्त औषधांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध करून त्यांतील घटकद्रव्यांचे क्षुल्लक मूल्य व बाजारातील किंमत ही शेजारी शेजारी मांडली होती.

दुर्बलतेची भीती आणि विज्ञानाची भाषा

१९२० नंतर मराठी मासिकांचा वाचकवर्ग वाढला. ‘किर्लोस्कर’ १९२० मध्ये आणि ‘स्त्री’ १९३० मध्ये सुरू झाले. नाशिकहून १९३८ मध्ये ‘गावकरी’ निघू लागला आणि जिल्ह्यातील गावांना जवळचे वृत्तपत्र मिळाले. याच काळात जाहिरातींचा आशय बदलताना दिसतो. ताप, खोकला, अपचन अशा ठरावीक तक्रारींबरोबर ‘अशक्तपणा’, ‘मज्जातंतूंचा थकवा’, ‘गेलेले तारुण्य’ अशा व्यापक तक्रारी पुढे आल्या. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या आणि बर्लिनच्या कंपनीचे ओकासा यांच्या जाहिराती पश्चिम भारतातील वृत्तपत्रांत ठळकपणे येत. एकीकडे वैद्यशास्त्री आणि दुसरीकडे जर्मन प्रयोगशाळा, असे दोन जामीनदार एकाच पानावर एकाच ग्राहकाला साद घालत होते. १९०० ते १९४५ या काळातील या जाहिरातींचा अभ्यास करणारे इतिहासकार डग्लस हेन्स यांनी त्यांचा संबंध मध्यमवर्गीय पुरुषाच्या बदलत्या वैवाहिक अपेक्षांशी जोडला आहे. रोगाचे औषध विकण्यापूर्वी रोगाची भीती निर्माण करणे, हे तंत्र येथे पूर्णत्वास गेले.

या संदर्भात र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे उदाहरण बोलके आहे. १९२७ ते १९५३ या काळात त्यांनी लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन या विषयांवर स्पष्ट माहिती दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. शास्त्रीय माहिती देणारा संपादक न्यायालयात उभा राहत होता आणि त्याच विषयावरील भीतीचा व्यापार करणाऱ्या जाहिराती नामांकित वृत्तपत्रांत छापल्या जात होत्या. आरोग्याविषयी काय बोलावे यापेक्षा कसे बोलावे यावर समाजाचे अधिक लक्ष होते, असे यावरून दिसते.

औषधांच्या भेसळीच्या व अनिर्बंध विक्रीच्या तक्रारींवरून सरकारने १९३० मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीच्या शिफारशींना कायद्याचे रूप मिळण्यास १९४० साल उजाडले. मात्र त्या कायद्याचा रोख मुख्यतः औषधाच्या दर्जावर होता. जाहिरातीच्या शब्दांसाठी स्वतंत्र कायदा होण्यास आणखी चौदा वर्षे गेली.

१९५४ चा कायदा आणि जाहिरातीच्या दोन वाटा

औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९५५ पासून अमलात आला. गर्भपात व गर्भप्रतिबंध, लैंगिक शक्ती, मासिक पाळीच्या तक्रारी आणि ठरावीक रोग यांवरील औषधांच्या जाहिरातींना त्याने मनाई केली. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात अशा रोगांचा त्यात समावेश होतो. ताईत, मंत्र, कवच यांनी असे रोग बरे होतात, अशी जाहिरात करणेही गुन्हा ठरले. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुढील अपराधाला एक वर्षापर्यंत कैद, अशी शिक्षेची तरतूद आहे.

या कायद्याला हमदर्द दवाखान्याने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. जाहिरात हे भाषणस्वातंत्र्य आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. डिसेंबर १९५९ मधील निर्णयात न्यायालयाने तो फेटाळला. प्रतिबंधित औषधांची व्यापारी जाहिरात म्हणजे विचारांचा प्रसार नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. मात्र रोगांच्या यादीत भर घालण्याचे शासनाला दिलेले मोकळे अधिकार आणि माल जप्त करण्याच्या तरतुदीचा काही भाग न्यायालयाने रद्द केला. १९६३ च्या दुरुस्तीने या त्रुटी दूर करण्यात आल्या.

इतिहासाच्या दृष्टीने या कायद्यातील एक अपवाद विशेष महत्त्वाचा आहे. नोंदणीकृत डॉक्टरांना विहित पद्धतीने गोपनीयरीत्या पाठविलेल्या जाहिरातींना मनाई लागू नाही. येथून औषधाच्या जाहिरातीच्या दोन वाटा झाल्या. एक वाट रोग्याकडे जाणारी, वृत्तपत्रांची व भिंतींची. दुसरी डॉक्टरकडे जाणारी, औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या बॅगेतून, नमुन्याच्या गोळ्यांतून व चकचकीत पत्रकांतून. दुसऱ्या वाटेवर जामीनदार स्वतः डॉक्टर झाला. रोग्याला जाहिरात दिसेनाशी झाली. तिचा परिणाम मात्र चिठ्ठीवरील व्यापारी नावाच्या रूपाने त्याच्या हाती येऊ लागला. १९७५ च्या हाथी समितीने औषधांची मूळ नावे वापरण्याचा आग्रह धरला, त्याला ही पार्श्वभूमी होती. औषध कंपन्यांच्या विपणनासाठी २०१५ मध्ये ऐच्छिक आणि मार्च २०२४ मध्ये सुधारित आचारसंहिता करण्यात आली.

औषध की प्रसाधन?

रोग्याकडे जाणाऱ्या वाटेवर कायद्याने रोगांची नावे घेण्यास मनाई केली होती. त्यामुळे जाहिरातदार रोगापासून दूर सरकले. सर्दी, डोकेदुखी, कंबरदुखी, दात, त्वचा आणि ‘शक्ती’ ही त्यांची क्षेत्रे झाली. माध्यमेही बदलली. आकाशवाणीच्या विविध भारतीवर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांतून सुरू झाल्या. दूरदर्शनवर त्या १९७६ पासून आल्या. ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्यापर्यंतही जाहिरात पोहोचली. छापील प्रशस्तिपत्राची जागा सुरावटीने घेतली आणि राजवैद्याच्या जागी घरातील आई, आजी, सून व मुले आली. कुटुंब हाच आता जामीनदार होता.

केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत स्थापन केलेली विको लॅबोरेटरीज ही या काळाची प्रातिनिधिक संस्था म्हणता येईल. चित्रपटगृहांतील जाहिराती आणि १९८४ मधील ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेचे प्रायोजकत्व यांमुळे तिची उत्पादने घरोघरी पोहोचली. हळदीची मलई व दंतमंजन ही आयुर्वेदिक औषधे की सौंदर्यप्रसाधने, यावर अबकारी खात्याशी तिचा वाद १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील शतकापर्यंत चालला आणि अखेर ती औषधे असल्याचे मान्य झाले. याउलट, बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात वेगळा निर्णय दिला. सामान्य ग्राहक ज्या वस्तूकडे औषध म्हणून पाहत नाही, ती करआकारणीसाठी औषध नव्हे, अशी त्यामागील भूमिका होती. व्हिक्सच्या मलमाची नोंदणी आयुर्वेदिक औषध म्हणून झाल्यावर ते औषधदुकानांबाहेर किराणा दुकानांत व टपऱ्यांवर विकण्याचा मार्ग मोकळा झाला, असे त्या कंपनीचे तत्कालीन प्रमुख गुरचरण दास यांनी लिहिले आहे.

या तिन्ही उदाहरणांत वस्तू बदललेली नाही, तिचे वर्गीकरण बदललेले आहे. कर किती, परवाना कोणाचा आणि जाहिरातीत काय बोलता येईल, हे त्या वर्गीकरणावर ठरते. ग्राहकाला मात्र या भेदाची कल्पना नसते. लासलगावच्या किराणा दुकानात चहा-साखरेबरोबर घेतलेली मलमाची डबी त्याच्या दृष्टीने औषधच असते.

भिंत, शासन आणि निदान

ग्रामीण भागात जाहिरातीचे सर्वांत टिकाऊ माध्यम भिंत हेच राहिले. या भिंतींवरील एक मोठा जाहिरातदार शासन होते. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला आणि पुढे लाल त्रिकोण हे त्याचे चिन्ह गावोगावी रंगविले गेले. १९६८ मध्ये निरोध १५ पैशांना तीन या दराने दुकानांत आला. र. धों. कर्वे यांचे निधन १९५३ मध्ये झाले. त्यानंतर पंधरा वर्षांतच त्यांच्या प्रचाराचा विषय शासनाच्या जाहिरातीचा विषय झाला होता. १९५४ च्या कायद्याने गर्भप्रतिबंधक साधनांच्या जाहिरातींना मनाई केली असली, तरी शासनाच्या जाहिराती तिच्या कक्षेबाहेर होत्या. येथे जामीनदार प्रत्यक्ष सरकार होते.

निफाड तालुक्याच्या बोलीत ‘औषध’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. द्राक्षांवर व कांद्यावर फवारण्याच्या कीटकनाशकालाही शेतकरी औषधच म्हणतो आणि पिकाला ‘औषध मारतो’. रोग, मात्रा, गुण हे शब्दही दोन्हीकडे सारखेच आहेत. त्यामुळे कृषी सेवा केंद्राच्या फलकावरील आश्वासन आणि शक्तिवर्धकाच्या फलकावरील आश्वासन एकाच भाषेत बोलतात. कीटकनाशकांसाठी १९६८ चा स्वतंत्र कायदा असला, तरी शब्दावरील विश्वास या सामायिक भाषेतून एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात सहज जातो.

जाहिरातीने झालेली हानी सर्वांत स्पष्टपणे दिसली ती औषधाच्या नव्हे, तर निदानाच्या बाबतीत. १९८० च्या दशकात गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती उघडपणे केल्या जात. आज थोडे पैसे खर्च करा आणि पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, असा त्यांतील काहींचा आशय होता. स्त्रीसंघटनांच्या चळवळीनंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने अशा जाहिरातींवर देशभर बंदी घातली. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८९४ इतकीच होती. २००१ मध्ये ती ९१३ होती. फलकावरून शब्द गेले, व्यवहार मात्र चालू राहिला, असा याचा अर्थ होतो.

पडद्यावरील जाहिरात

इंटरनेटने जाहिरातीचे ठिकाणच अनिश्चित केले. गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती शोधयंत्रांवर दिसतात, या तक्रारीवरून साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाला २०१६ व २०१७ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांना निर्देश द्यावे लागले. १९५४ च्या कायद्यात प्रकाशक व मुद्रक ओळखता येत होते. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशात ते ओळखता येत नाहीत. ओळखीच्या माणसाने पुढे पाठविलेला मजकूर हाच तेथे जामीनदार असतो.

पारंपरिक औषधांच्या जाहिरातींबाबतचा अलीकडचा घटनाक्रम नियमनाची अस्थिरता दाखवितो. डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमावलीत १७० क्रमांकाचा नियम समाविष्ट झाला. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या जाहिरातींना राज्य प्राधिकरणाची पूर्वपरवानगी त्याने आवश्यक केली. १ एप्रिल २०२० रोजी आयुष मंत्रालयाने कोविडवरील उपचाराचे दावे करणाऱ्या जाहिराती थांबविण्याचा आदेश काढला. भारतीय वैद्यक संघटनेने २०२२ मध्ये पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींविरुद्ध याचिका केली. त्यातून उद्भवलेली न्यायालयीन अवमानाची कारवाई ऑगस्ट २०२४ मध्ये माफीनाम्यानंतर संपविण्यात आली. दरम्यान मे २०२४ मध्ये न्यायालयाने जाहिरातदारांना स्वयंघोषणा बंधनकारक केली. केंद्राने १ जुलै २०२४ रोजी नियम १७० वगळला, न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये याचिका निकाली काढताना ती स्थगितीही उठली. पूर्वपरवानगीचे तत्त्व सात वर्षांच्या आत आले आणि गेले.

समारोप

वरील आढाव्यावरून काही निष्कर्ष निघतात. राजवैद्य, परदेशी प्रयोगशाळा, डॉक्टर, कुटुंब, शासन आणि अखेर मोबाईलवरील परिचित, असा जामीनदारांचा क्रम दिसतो. नवा आल्याने जुना नाहीसा झाला, असे मात्र झालेले नाही. आजच्या एकाच जाहिरातीत ऋषींची परंपरा, प्रयोगशाळेतील पांढरा कोट आणि समाधानी कुटुंब एकत्र दिसू शकतात. दुसरे असे की, कायद्याने मुख्यतः शब्दांवर नियंत्रण ठेवले. एक शब्द निषिद्ध झाला की जाहिरात दुसऱ्या शब्दाकडे, दुसऱ्या वर्गाकडे किंवा दुसऱ्या माध्यमाकडे वळली. तिसरे, जाहिरातीचा भार नेहमी अशा ठिकाणी अधिक पडला जिथे उपचाराची सोय अपुरी आणि आजार लपविण्याचे सामाजिक दडपण मोठे होते. मधुमेह समूळ बरा करण्याच्या दाव्यात केवळ बाटलीची किंमत जात नाही. योग्य उपचारास झालेला विलंब ही खरी किंमत असते आणि ती कोणत्याही पावतीवर नोंदलेली नसते.

लासलगावच्या बाजारात शेतकऱ्याला संरक्षण मिळाले ते व्यापाऱ्याच्या बोलण्यावर बंदी घातल्याने नव्हे. लिलाव उघड झाला, वजन तपासता येऊ लागले आणि हिशेबपट्टी हाती आली, म्हणून मिळाले. त्या व्यवस्थेतही दोष आहेत, परंतु तिचे तत्त्व स्पष्ट आहे. औषधाच्या बाबतीत याच्याशी समकक्ष गोष्ट म्हणजे दाव्यामागील पुरावा खुला असणे, परवाना व घटकद्रव्ये ग्राहकाला समजेल अशा मराठीत उपलब्ध असणे आणि तक्रार तालुक्याच्या ठिकाणी नोंदविता येणे. शंभर वर्षांत जाहिरातीचा जामीनदार अनेकदा बदलला. त्याची जामीनकी तपासण्याचे साधन मात्र अजून ग्राहकाच्या हाती आलेले नाही.